रुग्णसेवेतील मुकादम

वडिलांना पक्षाघात झाला. पंधरा दिवसांनी रुग्णालयाने सांगितले, आता घरी न्या, येथे करण्यासारखे काही उरलेले नाही. मुलगा बंगळूरला, मुलगी अमेरिकेत, सून नोकरीवर जाणारी, आणि आईला स्वतःलाच जिना चढवत नाही. अशा कुटुंबापुढे त्या संध्याकाळी उभा राहणारा पहिला प्रश्न औषधांचा नसतो. माणूस कोठून आणावयाचे, हा असतो. रुग्णालयाच्या दारातच कोणीतरी हातात एक चिठ्ठी ठेवतो आणि तिच्यावर एका ब्युरोचा क्रमांक असतो. शेजारच्या बिऱ्हाडातून सल्ला येतो की, ब्युरोच्या भानगडीत पडू नका, आमच्या मामंजींना सांभाळायला एक मावशी येत होत्या, त्यांनाच विचारून पाहा. ब्युरो की मावशी, हा निर्णय घेण्यासाठी कुटुंबाला बहुधा एकच रात्र मिळते. तो घाबरलेल्या मनाने घेतला जातो आणि पुढे कित्येक महिने, कधी कित्येक वर्षे, निभावावा लागतो.

प्रश्न घरगुती आहे. पक्षाच्या साप्ताहिकाने त्याची चर्चा करण्याचे प्रयोजन काय, असे काही साथींना वाटेल. प्रयोजन असे की, हा प्रश्न आता घरगुती राहिलेला नाही. २०११ च्या जनगणनेत देशातील साठीपुढच्या माणसांची संख्या १० कोटी ३८ लाख, म्हणजे लोकसंख्येच्या ८.६ टक्के होती. महाराष्ट्रात हेच प्रमाण ९.९ टक्के होते. २०२१ ची जनगणना झालीच नाही, परंतु हे प्रमाण कोणत्या दिशेने गेले असेल ते सांगण्यास संख्याशास्त्राची आवश्यकता नाही. आणि दुसरे असे की, ज्या घरांच्या भिंतींवर गांधी, लोहिया आणि साने गुरुजी यांच्या तसबिरी आहेत, ज्या घरांतून गिरणी कामगारांच्या आणि हमालांच्या मोर्चांसाठी भाकरी गेल्या, ती घरेही आज म्हातारी झाली आहेत. त्या घरांत आज कोणीतरी बाई बारा तास राबत असते आणि आपण तिचे मालक असतो. मालक हा शब्द आपल्याला रुचत नाही. तो रुचत नाही म्हणून मालकाची कर्तव्येही आपल्याला लागू नाहीत, असा सोयीचा समज मात्र आपण करून घेतलेला आहे.

पूर्वी हा प्रश्न नव्हता, कारण घरोघरी माणसे होती, असे म्हटले जाते. त्यात अर्धेच सत्य आहे. पूर्वी घरोघरी सून होती. सासऱ्यांचे मलमूत्र काढणे, सासूला भरवणे, रात्री तीनदा उठून कूस बदलणे हे सारे तिने केले आणि त्याचे मोल राष्ट्रीय उत्पन्नाच्या कोणत्याही हिशेबात धरले गेले नाही. एकत्र कुटुंबाच्या आठवणीने गहिवरणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे. आज त्या श्रमाला रोख किंमत द्यावी लागते, हे अधःपतन नव्हे. ती किंमत कोणाच्या हाती पडते, हा खरा प्रश्न आहे.

तेव्हा ब्युरो नेमके काय विकतो, ते प्रथम पाहू. बाजारात सर्व काही विकत मिळत असताना संस्था म्हणून काही का निर्माण होते, असा प्रश्न अर्थशास्त्रज्ञ रोनाल्ड कोज यांनी १९३७ साली विचारला होता. त्यांचे उत्तर असे की, बाजारात वावरण्यालाही खर्च येतो. योग्य माणूस शोधणे, घासाघीस करणे, करार करणे आणि तो पाळला जातो की नाही हे पाहणे या सगळ्याला वेळ आणि पैसा लागतो. तो वाचवणाऱ्या संस्थेला बाजारात जागा मिळते. ब्युरोची जागा हीच आहे. तो म्हणतो की, माणूस आम्ही शोधू, त्याची पारख आम्ही करू, त्याला शिकवू, तो आला नाही तर बदली पाठवू आणि काही विपरीत घडले तर जबाबदारी घेऊ. या पाच गोष्टी ब्युरो खरोखर करीत असेल तर त्याने मोबदला घेण्यात गैर काही नाही. मध्यस्थ म्हटला की तो लुटारूच, असे मानणे हा अर्थशास्त्राचा नव्हे, रागाचा निष्कर्ष आहे.

परंतु एकेक गोष्ट तपासून पाहावी. शोधणे ब्युरो करतो, यात शंका नाही. पारख म्हणजे बहुतेक ठिकाणी आधार कार्डाची छायाप्रत. पोलिसांकडील चारित्र्य पडताळणीचा कागद मागितला तर "तो येईल" असे उत्तर मिळते आणि तो येईपर्यंत बाई बदललेली असते. शिक्षणाची स्थिती त्याहून बिकट आहे. परिचर्या परिषदेकडे नोंदलेली परिचारिका, सहायक परिचारिका, सहा महिन्यांचा एखादा खासगी वर्ग केलेली मुलगी आणि कालपर्यंत धुणीभांडी करणारी बाई या चौघींत महदंतर आहे. ब्युरोच्या दूरध्वनीवर मात्र त्या चौघीही "सिस्टर" असतात. नाकातून घातलेल्या नळीने अन्न देणे, मूत्रनलिका सांभाळणे, इन्सुलिनची सुई देणे ही कामे कोणी करावीत आणि कोणी करू नयेत, याचे भान कुटुंबाला नसते. ब्युरोला ते असते, पण ते बोलून दाखवण्यात त्याचा फायदा नसतो. विकत घेणाऱ्याला मालाची प्रत ओळखता येत नसेल तर हळूहळू चांगला माल बाजारातून निघून जातो, हे जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखवले होते. उत्तम शुश्रूषा करणारी आणि जेमतेम करणारी यांना ब्युरो एकच रोज देऊ लागला की, उत्तम करणारीने उत्तम का करावे?

राहता राहिल्या बदली आणि जबाबदारी. बदली हे ब्युरोचे खरे भांडवल होय. बाईचे मूल आजारी पडले, तिच्या गावी कोणी दगावले, तर दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता दुसरी बाई दारात उभी असते. ज्या घरात उचलणारे दुसरे कोणी नाही, त्या घराला याचे मोल किती असते, ते त्यात न सापडलेल्यांनी ठरवू नये. जबाबदारीचे मात्र तसे नाही. छापील करारातील बारीक अक्षरे वाचली तर ध्यानात येते की, आम्ही केवळ परिचय करून देतो, पुढील व्यवहाराशी आमचा संबंध नाही, अशा अर्थाचे कलम त्यात घातलेले असते. म्हणजे पैसे घेताना ब्युरो मालक असतो आणि दागिना हरवला किंवा रुग्ण पलंगावरून पडला की तो केवळ ओळख करून देणारा गृहस्थ होतो!

आता थोडा हिशेब मांडू. आकडे केवळ उदाहरणादाखल घेतलेले आहेत. वाचकांनी आपापल्या गावचे घालून पाहावेत. समजा, कुटुंब बारा तासांच्या पाळीसाठी ब्युरोला रोज १,००० रुपये देते आणि त्यातील ७०० बाईच्या हाती पडतात. महिन्याचे ३०,००० झाले. बाईला २१,००० मिळाले. ९,००० मधल्यामध्ये राहिले. वर्षाला ही रक्कम १ लाख ८ हजार होते. पहिल्या महिन्यात शोधण्याचा आणि पारखण्याचा खर्च झाला, हे मान्य. पण तीच बाई त्याच घरी अकरा महिने येत असेल, तर बाराव्या महिन्यातील ९,००० रुपये कशाचे? आणि हे ३०,००० तिसही दिवस काम केले तर आहेत. रविवार घेतला तर रोज बुडाला.

तेच कुटुंब तेच ३०,००० रुपये वेगळ्या रीतीने खर्च करू शकते. बाईला थेट ठेवून रोज ८०० रुपये, आठवड्याची चार पगारी सुट्ट्या धरून, महिन्याचे २४,००० द्यावेत. त्या चार दिवसांसाठी येणाऱ्या दुसऱ्या बाईला १,००० रुपये रोजाने ४,००० द्यावेत. उरलेले २,००० दरमहा बाजूला ठेवावेत. दिवाळीची बक्षिसी, वर्षाची पगारी रजा, तिच्या आजारपणातील औषधपाणी यांसाठी ते उपयोगी पडतील. कुटुंबाचा खर्च एक पैसाही वाढला नाही आणि बाईला ३,००० रुपये अधिक व महिन्यातून चार दिवस विसावा मिळाला. ब्युरो काय घेतो, हे या साध्या गणितातून जितके स्पष्ट होते तितके घोषणांतून होत नाही.

मराठी कामगारवर्गाला हा मध्यस्थ नवा नाही. मुंबईच्या गिरण्यांत त्याला जॉबर म्हणत. कामगाराला बदलीचे काम हवे तर त्याने जॉबरला दस्तुरी द्यावयाची, हा दंडक होता. १९३१ च्या व्हिटले आयोगाच्या अहवालात त्याची नोंद आहे. त्याला आळा घालण्यासाठी १९३५ मध्ये गिरण्यांत बदली कामगारांच्या नोंदणीची पद्धत आली. गोदीत हाच माणूस तोलीवाला झाला, ऊसतोडीत तो मुकादम आहे. मार्क्सने 'भांडवल'च्या पहिल्या खंडात, उक्त्या मजुरीच्या प्रकरणात, या मध्यस्थांची मिळकत कोठून येते ते दाखवून ठेवले आहे. देणारा श्रमाची जी किंमत देतो आणि करणाऱ्याच्या हाती तिचा जो भाग पोहोचू दिला जातो, त्या दोहोंतील अंतरातून ती येते. ब्युरोचे कमिशन ही दस्तुरीच आहे. फरक इतकाच की, जॉबर ती चोरून घेई आणि ब्युरो पावती देऊन घेतो. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेच्या १९९७ च्या १८१ व्या कराराने खासगी रोजगारसंस्थांनी कामगाराकडून प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष शुल्क घेऊ नये, असा नियम घालून दिला आहे. भारताने त्या करारावर अद्याप मान्यतेची मोहोर उमटवलेली नाही. घरेलू कामगारांसंबंधीच्या २०११ च्या १८९ व्या कराराच्या बाजूने आपण मत दिले, पण मान्यता त्यालाही दिलेली नाही.

इतके म्हटल्यावर वाचक अपेक्षा करील की, आता आम्ही "ब्युरो सोडा, मावशींना थेट ठेवा" असे सांगून मोकळे होऊ. परंतु येथेच आपल्या चळवळीतील पुष्कळांची गफलत होते. प्रश्न कुटुंबाच्या बाजूने पाहिला तर तो तसा सुटेल. बाईच्या बाजूने पाहिला तर सुटत नाही.

ब्युरो इतके कापून घेतो, हे तेथे काम करणाऱ्या बायकांना ठाऊक नसते असे नाही. त्यांना रुपया-आण्यांत ठाऊक असते. तरी त्या ब्युरो सोडत नाहीत, याचे कारण त्यांच्या कामाच्या स्वरूपात आहे. धुणीभांडी करणारी बाई एका वेळी पाच घरी जाते. एक घर सुटले तरी चार राहतात. आजाऱ्याला सांभाळणारीचे घर एकच असते आणि तिच्या कामाचा शेवट रुग्णाच्या मृत्यूने होतो. जिने वर्षभर म्हाताऱ्याची पाठ पुसली, अंगाला एक जखम होऊ दिली नाही, तीच बाई ज्या दिवशी घरचे लोक रडत असतात त्या दिवशी बेकार होते. घरच्यांबरोबर ती रडतेही. तेराव्याला तिला साडी देतात. चौदाव्या दिवसाचा विचार कोणी केलेला नसतो. ब्युरोला दूरध्वनी केला तर दोन दिवसांत दुसरे घर मिळते. कामातील ही सलगता विकत घेण्यासाठी ती तीस टक्के मोजते. तिच्या दृष्टीने ब्युरो हा बेकारीचा विमा आहे. अत्यंत महाग, पण उपलब्ध असलेला एकमेव.

थेट कामावर ठेवलेल्या बाईची इतरही गाऱ्हाणी आहेत. पगाराची तारीख घरच्यांच्या सोयीने पुढे सरकते. "तू घरचीच आहेस" म्हणून रुग्णाच्या शुश्रूषेत हळूच स्वयंपाक, मग भांडी, मग पाहुण्यांचा चहा मिसळला जातो. घरात काही सापडले नाही की पहिली नजर तिच्या पिशवीकडे जाते. अशा वेळी ब्युरोवालीला निदान दुसऱ्या कोणाला तरी सांगता येते. थेट ठेवलेलीने कोणाला सांगावे? आणि उलट बाजूही लपवून ठेवण्याचे कारण नाही. पगार उचल म्हणून घेऊन गावी गेलेली बाई महिनाभर परतली नाही, म्हणून सत्तरीच्या पत्नीला नव्वदीच्या पतीला एकटीने उचलावे लागले, अशी घरे आम्ही पाहिली आहेत. कामगार गरीब असला म्हणून त्याची प्रत्येक कृती न्याय्य ठरत नाही. परंतु सुट्टीच नसलेल्या नोकरीतून माणूस सांगून सुट्टी कशी घेणार? पळून जाणे हीच तिची रजा होते.

कामाच्या तासांविषयी तर बोलावे तितके थोडे. १९४८ च्या कारखाने कायद्याने प्रौढ कामगाराचा आठवडा ४८ तासांवर आणून ठेवला. बारा तासांची पाळी सातही दिवस म्हणजे ८४ तास झाले. "चोवीस तासांची बाई" हा शब्दप्रयोग तर आपण किती सहज करतो! एकच माणूस चोवीस तास काम करू शकत नाही, हे शाळकरी पोरालाही कळते. तरी तो सौदा रोज होतो, कारण रात्री ती "झोपलेलीच तर असते". जर्मनीत हाच युक्तिवाद न्यायालयापुढे आला होता. बर्लिनमधील एका वृद्धेची शुश्रूषा करण्यासाठी एका बल्गेरियन बाईला एका संस्थेमार्फत आणले होते. करारात आठवड्याचे ३० तास लिहिले होते आणि प्रत्यक्षात ती अहोरात्र त्या घरात होती. जून २०२१ मध्ये तेथील सर्वोच्च कामगार न्यायालयाने निर्णय दिला की, हाकेसरशी उठण्यासाठी जागेवर थांबून राहणे हेही कामच आहे आणि त्या तासांनाही किमान वेतन लागू होते. आपल्याकडे असा खटला उभा राहण्यापूर्वी तो घालणारी संघटना उभी राहावी लागेल.

हा केवळ न्यायाचा प्रश्न नाही. रुग्णाच्या हिताचाही आहे. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर पाठीला आणि माकडहाडाला जखमा होतात व त्या भरता भरत नाहीत. भरवताना त्याला बसते करावे लागते, घास गिळला की नाही ते पाहावे लागते, नाहीतर अन्न श्वासनलिकेत जाते. सलग विसावी रात्र जागणारी बाई हे कसे करील? तिला झोप मिळू न देणारे कुटुंब आपल्याच माणसाच्या पाठीवर जखम करीत असते. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाची गोष्ट आणखी निराळी. त्याला नवा चेहरा म्हणजे नवी भीती. ब्युरोने तीन महिन्यांत पाच बाया बदलल्या तर प्रत्येक बदलीगणिक तो माणूस थोडा अधिक हरवतो. तेथे बदली हा ब्युरोचा गुण राहत नाही, अवगुण ठरतो.

आणखी एक गोष्ट आपल्या मंडळींना टोचेल, तरी सांगणे भाग आहे. ब्युरोकडे केल्या जाणाऱ्या मागण्यांत "आपल्यातली असेल तर बरे" ही मागणी आजही केली जाते. स्वयंपाकघरात शिरू नये, पण मलमूत्राची पात्रे तिने उचलावीत. वडिलांच्या अंगाला तिचा हात दिवसभर लागलेला चालतो, पण तिचा कप वेगळा. जी घरे सभेत महाड आणि पर्वतीच्या सत्याग्रहांचा अभिमानाने उल्लेख करतात, त्यांच्यातही हा वेगळा कप आम्ही पाहिला आहे. तिला बसायला खुर्ची, झोपायला अंथरूण, वापरायला स्वच्छतागृह आणि कपडे बदलण्यास दार लागणारी जागा आहे की नाही, हे पाहिल्यावर त्या घरातील समाजवाद किती पाण्यात आहे ते कळते. कामाच्या जागी स्त्रियांच्या होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा घरालाही कामाची जागा मानतो. बाई थेट ठेवलेली असो वा संस्थेमार्फत आलेली, तिला त्याचे संरक्षण आहे आणि तक्रारीसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. बायकांना हे ठाऊक नाही आणि ते सांगण्याची तसदी ब्युरो घेत नाहीत.

मग ज्या घराला आज रात्रीच निर्णय घ्यावयाचा आहे, त्याने काय करावे? आमचे मत स्पष्ट आहे. गरज थोड्या दिवसांची असेल, शस्त्रक्रियेनंतरच्या पंधरवड्याची, किंवा सुया-नळ्यांचे काम असेल, तर ब्युरोकडे जावे. परंतु येणाऱ्या परिचारिकेचा नोंदणीक्रमांक पाहावा, दिलेल्या रोजातून तिच्या हाती किती पडते ते ब्युरोसमोरच विचारावे आणि जबाबदारीविषयीचे कलम वाचल्याशिवाय सही करू नये. ब्युरोला हा प्रश्न आवडणार नाही. त्याच्या नापसंतीवरूनच पुष्कळ काही कळेल. गरज दीर्घ मुदतीची असेल, पक्षाघात, स्मृतिभ्रंश, निव्वळ वार्धक्य, तर थेट ठेवावे. मात्र एक नव्हे, दोन बायका ठेवाव्यात. मुख्य एक आणि सुट्टीच्या दिवसांची एक, जी घराला आणि रुग्णाला आधीपासून ओळखत असेल. कामाचे तास, कामे, पगाराची तारीख, सुट्टी आणि काम संपल्यावर द्यावयाची निदान एका महिन्याच्या पगाराइतकी रक्कम हे सर्व मराठीत एका कागदावर लिहून दोघांनी सह्या कराव्यात. ब्युरोमार्फत आलेल्या चांगल्या बाईला पुढे थेट ठेवता येईल काय, असे पुष्कळजण विचारतात. ब्युरो करारात त्याविरुद्ध कलम घालतात. १८७२ च्या करार कायद्याचे २७ वे कलम मात्र कोणालाही त्याचा कायदेशीर व्यवसाय करण्यापासून रोखणारा करार निरर्थक ठरवते. ब्युरो सोडलेल्या बाईने कोठे काम करावे हे ब्युरो ठरवू शकत नाही, ही त्यामागची दृष्टी आहे. कुटुंबाने स्वतः सही करून जे मान्य केले असेल त्याचा हिशेब मात्र त्याला द्यावा लागेल, म्हणून सही करण्यापूर्वीच ते कलम खोडावयास लावणे शहाणपणाचे.

पण एका घराने नीट वागून चौदाव्या दिवसाचा प्रश्न सुटत नाही. तो सोडवण्याची रीत महाराष्ट्राने एकेकाळी साऱ्या देशाला दाखवली होती. हमालाचा मालक कोण, हा प्रश्न असाच अवघड होता. आज या गाळ्यावर, उद्या त्या गोदामात, मध्ये तोलीवाला. मुंबईत अण्णासाहेब पाटील आणि पुण्यात डॉ. बाबा आढाव यांनी दिलेल्या लढ्यांतून १९६९ चा माथाडी कायदा झाला. त्याने मालक अनेक असले तरी मंडळ एक केले. कामगाराची नोंदणी मंडळाकडे, मजुरी मंडळाकडे जमा, तीवर मालकाकडून लेव्ही, आणि तिच्यातून भविष्यनिर्वाह निधी, रजा, औषधोपचार. १९८१ मध्ये सुरक्षारक्षकांसाठी त्याच धर्तीवर कायदा झाला आणि रक्षक पुरवणाऱ्या संस्थांना पर्याय म्हणून मंडळे उभी राहिली. रुग्णसेविकांचे दुखणे नेमके तेच आहे आणि औषधही तेच लागू पडेल. मंडळाकडे नोंदणी असली की एक घर संपल्यावर दुसरे मंडळ देईल. कुटुंबाला बदली मंडळ पाठवील. शिक्षणाचा दाखला मंडळाचा असेल. ब्युरो ज्या गोष्टींचे पैसे घेतो, त्या सर्व आल्या आणि दस्तुरी गेली.

२००८ चा घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा आहेच की, असे कोणी म्हणेल. आहे, पण तो कल्याणाचा कायदा आहे, कामाच्या नियमनाचा नव्हे. काम वाटून देणे, मजुरी ठरवणे, लेव्ही घेणे यांतील काही त्याच्याकडे नाही. तरीही २०२१ च्या टाळेबंदीत दीड हजार रुपयांची मदत जाहीर झाली तेव्हा ती नोंद असलेल्यांसाठीच होती, हे विसरू नये. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घरेलू कामगारांसाठी कायदेशीर चौकटीचा विचार करण्यास समिती नेमण्याचे निर्देश केंद्राला दिले. समित्यांवर विसंबून किती काळ बसावयाचे, याचा अनुभव या साप्ताहिकाच्या वाचकांना पुरेसा आहे.

माथाडी मंडळांच्या नावाखाली काही ठिकाणी खंडणीखोरी चालते, हा आक्षेप आम्हांला ठाऊक आहे आणि तो सर्वस्वी खोटा नाही. परंतु मंडळाच्या नावाने गुंडगिरी होते म्हणून मंडळच नको, हा व्यापाऱ्यांचा युक्तिवाद आहे. मंडळ येईपर्यंत सहकाराचा मार्ग मोकळा आहे. पुण्यात कचरावेचकांनी १९९३ मध्ये पंचायत आणि २००८ मध्ये स्वतःच्या मालकीची सहकारी संस्था उभी करून महापालिकेशी करार केला. ज्यांना शहराने माणसांत गणले नव्हते, त्यांना हे जमले. मग रुग्णसेविकांना का जमू नये? व्यवस्थापनाला दहा टक्के खर्च आला तरी उरलेले बायकांच्या हाती राहील आणि त्या खर्चाचा हिशेब त्या स्वतः विचारू शकतील.

अधिक गंभीर आक्षेप वेगळा आहे. गाळेवाला नफ्यासाठी हमाल ठेवतो. पक्षाघात झालेल्या शिक्षकाचे कुटुंब नफा मिळवीत नाही. त्याच्या निवृत्तिवेतनातून लेव्ही कशी वसूल करणार? हे खरे आहे. शुश्रूषेचे काम यंत्राने जलद होत नाही. एका माणसाला भरवायला पन्नास वर्षांपूर्वी जितका वेळ लागे तितकाच आज लागतो, म्हणून इतर मजुरी वाढते तशी शुश्रूषा महागच होत जाणार. हा भार एकट्या कुटुंबावर टाकला तर ते तो बाईवर ढकलणार. जर्मनीने १९९५ मध्ये आणि जपानने २००० मध्ये दीर्घ शुश्रूषेसाठी सक्तीचा सामाजिक विमा आणला तो याच कारणाने. केरळने २००८ मध्ये उपशामक सेवेचे धोरण स्वीकारून शुश्रूषा स्थानिक स्वराज्य संस्थांच्या कामात आणली. त्यासाठी केरळ श्रीमंत असावे लागले नाही. लेव्हीचा अर्धा भार शासनाने उचलावा, ही मागणी आपण स्पष्ट शब्दांत केली पाहिजे.

शहर शाखांनी यासाठी मुंबईच्या आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही. आपल्या सभासदांच्या आणि हितचिंतकांच्या घरी किती बायका रुग्णसेवा करतात, त्यांचे तास किती, मजुरी किती, ब्युरोमार्फत किती आणि थेट किती, एवढी यादी एका महिन्यात होऊ शकते. त्यांतील प्रत्येकीची घरेलू कामगार मंडळाकडे नोंदणी करून द्यावी. त्यासाठी मालकाचा दाखला मागतात आणि तो देताना पुष्कळ घरे का-कू करतात. निदान आपल्या घरांनी करू नये. आजाऱ्याची शुश्रूषा हे घरकाम की दुसरे काही, असा वाद कचेरीतील बाबू घालतील. तो त्यांना लेखी घालावयास लावावा, म्हणजे पुढच्या अर्जाला तो कागद जोडता येईल.